मामांचा एन सत्तेचाळीस

रासकर मामांचा आवाज आधी ऐकू यायचा आणि मामा नंतर दिसायचे. मी तेव्हा दौंडमधल्या एका खासगी दवाखान्यात लॅब सांभाळत होते. लॅब म्हणजे जिन्याखालची खोली, एक मायक्रोस्कोप, एक फ्रिज आणि पलीकडच्या बिलाच्या काउंटरपासून मला वेगळी करणारी प्लायवूडची भिंत. मामा काउंटरवर बोलायला लागले की माझ्या बाजूचं कॅलेंडर हलतं, असं मी सगळ्यांना सांगायचे. थोडं वाढवून सांगायचे, पण फार नाही.

तसा दोष त्यांचा नव्हता. त्यांची सगळी नोकरी दौंड स्टेशनवर पार्सल ऑफिसात गेली होती. गाडी फलाटाला लागलेली, इंजिन धडधडतंय, चहावाले ओरडतायत, आणि अशात पेट्यांवरची नावं हमालांना ऐकू जातील अशी पुकारायची. माणसाचा गळा तशा कामात बनतो आणि निवृत्तीचे कागद मिळाले म्हणून तो लहान होत नाही. बायको आधीच गेली होती, एकुलती एक मुलगी शिरूरला दिली होती. घरी बसून मामांना करमेना. आमच्या डॉक्टरांच्या वडिलांशी त्यांची जुनी ओळख, म्हणून ते येऊन काउंटरवर बसले.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर बारीक गंध आणि खिशाला दोन पेनं. एक स्वतःचं आणि एक मागणाऱ्याला द्यायचं. मागणाऱ्याला द्यायचं पेन मुद्दाम अडखळत चालणारं असायचं. 'चांगलं पेन दिलं की त्ये गावाला जातं, मॅडम. ह्ये बिचारं परत येतं,' असं म्हणून मामा ते पेन कौतुकाने खिशाला अडकवायचे. दुपारी डबा उघडला की भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी भिंतीवर टकटक करून मला विचारायचे, 'मॅडम, ठेचा चालंल का?' मी चालेल म्हटलं की नाकातोंडातून पाणी काढणारा ठेचा यायचा. नको म्हटलं तरी यायचा.

आल्या आल्याच त्यांनी एक मोठा घोळ घातला. जवळच्या एका गावातले हेडमास्तर मूळव्याधीचं ऑपरेशन करून घरी निघाले होते. बाहेर बाकांवर त्यांच्याच शाळेतल्या पोरांचे आईबाप बसलेले. मामांनी बिल उचललं आणि फलाटावर पुकारावं तसं पुकारलं, 'मूळव्याध! कोण हाय मूळव्याध?'

हेडमास्तर उठले नाहीत. शेवटचा पेशंट जाईपर्यंत ते बाकावर बसून राहिले. त्या ऑपरेशननंतर लाकडी बाकावर बसून राहणं म्हणजे काय, हे ज्याचं झालंय त्यालाच विचारावं. सगळे गेल्यावर ते काउंटरपाशी आले आणि म्हणाले, 'रासकर, मला मूळव्याध आहे. मी मूळव्याध नाही.'

त्या दिवशी भिंतीवर टकटक झाली नाही. मी डोकावले तर मामा डबा न उघडता बसले होते. 'मॅडम, पेट्यांची सवय हो,' एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला माझी थट्टा गिळावी लागली.

याच सुमाराला कुरकुंभच्या कारखान्यांतून कामगारांना मेडिक्लेम मिळायला लागला. आजारी पडलं की कामगाराने आधी खर्च करायचा, मग कागद कंपनीत द्यायचे आणि विम्याने ते पैसे भरून द्यायचे. विमा कंपनी आणि आपण यांच्यामध्ये कागद तपासणारी पुण्याची आणखी एक कंपनी असायची. तिला टीपीए म्हणत. या टीपीएला आजाराचं नुसतं नाव चालत नसे, त्याचा जगभर ठरलेला नंबर लागायचा. डॉक्टरांनी पुण्याहून त्या नंबरांच्या जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स आणली आणि मामांच्या टेबलावर टाकली. डॉक्टरांच्या मागची एक कटकट गेली.

मामांना मात्र घबाड सापडलं. पोथी वाचावी तसं ते पुस्तक त्यांनी वाचलं. हर्निया म्हणजे के चाळीस, मुतखडा म्हणजे एन वीस, मूळव्याध म्हणजे आय चौऱ्याऐंशी. मगर चावली तर तिलाही नंबर होता, हे कळल्यावर ते मला खास बोलवायला आले. 'भीमंत सुसर न्हाई ऱ्हायली, न्हाईतर आपली सोय हाय,' म्हणाले. नंबर नसलेलं दुखणं देवानं केलंच न्हाई, हे त्यांचं आवडतं वाक्य झालं. आणि त्या दिवसापासून त्यांनी काउंटरवर आजाराचं नाव घ्यायचं बंद केलं. आवाज तोच, पण आता पुकारा व्हायचा, 'के चाळीस, या!' बाकावरच्या कुणाला काही कळायचं नाही आणि ज्याचं असेल तो मान ताठ ठेवून उठायचा. बिलावर छापायचा नंबर मामांनी माणसाची अब्रू झाकायला वापरला. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हे कधी आलं नसेल.

अर्थात झाकलेलं किती दिवस झाकलेलं राहणार? वॉर्डबॉय आणि सिस्टर त्याच भाषेत बोलायला लागले. मग पेशंटही. एकदा एक म्हातारी काउंटरशी येऊन भांडली, 'माज्या मालकाचा के चाळीस कवा काढणार हायेसा? दोन येळा उपाशी ठिवलाय त्याला!' पुढे पुढे दौंडच्या भाजीबाजारात कुणी अवघडून चालताना दिसला की लोक म्हणायचे, आय चौऱ्याऐंशी दिसतोय. मी हे मामांना तिखटमीठ लावून सांगायचे. ते कानावर हात ठेवायचे. 'आता नंबरांना नंबर द्यायला लागतील,' म्हणायचे.

एक प्रसंग मात्र मी कधी थट्टेवारी नेला नाही. लग्नाला वर्ष न झालेली एक मुलगी आली होती, पोट पडलेलं. सासूला माहीत नव्हतं, आणि मुलीने सिस्टरचा हात धरून सांगितलं होतं की कळू देऊ नका. बिल घ्यायला नेमकी सासू आली. कागदावर बोट ठेवून तिने विचारलं, 'ह्ये ओ तीन म्हंजी काय वो?'

भिंतीच्या अलीकडे मी हातातली काच खाली ठेवली. मामा शांतपणे म्हणाले, 'अशक्तपणा. पोरीला आराम पायजे, मावशी. पाण्याची कळशी उचलू देऊ नका.' आणि स्वतःचं चांगलं पेन तिच्या हातात सहीला दिलं.

मला मामा तेव्हा फार मोठे वाटले. अजूनही वाटतात. पण दुसऱ्याची लाज राखायला खोटं बोलणं त्यांच्या जिभेला तिथेच चिकटलं, हेही खरं.

संपत कोकरे कासुर्डीचा. घर धनगरांचं, वडिलांकडे अजून थोडी मेंढरं होती, बाकी शेतीच. संपत शिकलेला होता आणि कुरकुंभला एका औषधाच्या कारखान्यात प्रोबेशनवर लागला होता. दिवाळीच्या आसपास त्याच्या कायम होण्याची ऑर्डर यायची होती. त्या घरात तोवर कुणालाच कायमची नोकरी मिळालेली नव्हती. त्याची बायको सुमन माझ्याकडे पोराची लघवी तपासायला आणायची तेव्हा दर वेळी हेच सांगायची, 'आमचे ह्ये आता कायम व्हनार हायेत.' पोराचं बोलणं नंतर.

पोरगं पाच वर्षांचं, नाव गणेश. त्याच्या लघवीच्या जागची कातडी आत चिकटलेली होती. लघवीला जायचं म्हटलं की पोरगं दाराच्या चौकटीला मिठी मारून रडायचं. घाण साठायची, पू व्हायचा, ताप यायचा. प्रत्येक वेळी माझ्या काचेखाली पूच पू दिसायचा. शेवटी डॉक्टरांनी भूल देऊन ती चिकटलेली कातडी हलक्या हाताने सोडवली. कापलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पोरगं घरी गेलं.

त्यानंतर संपत क्लेमचे कागद घ्यायला काउंटरवर आला. मला पलीकडून सगळं ऐकू येत होतं, कारण मामा कुजबुजले तरी ते माझ्यापर्यंत यायचं.

'एन सत्तेचाळीस लिवतो,' मामा म्हणाले.

'म्हंजी काय, मामा?'

'म्हंजी तेच की. पोराचं.'

संपत म्हणाला, 'मामा, आमच्यात क्लेम पास झाला की कँटीनच्या बोर्डावर कागद लावत्यात. नाव आन् म्होरं आजार. त्या जाग्याचं नाव आलं तर मला शिफ्टला तोंड दाखवता यायचं न्हाई. पोरं लई वंगाळ हायेत. आन् आबांच्या कानावर कुनी घातलं की नातवाची सुंता केली, तर म्हातारा मला घरात घ्यायचा न्हाई.'

सुंता हा शब्द त्याने इतका हळू उच्चारला की मला तो अंदाजानेच कळला. आणि तो अगदीच वेडेपणाने बोलत होता असंही नाही. एन सत्तेचाळीस या एका नंबरात चिकटलेली कातडीही येत होती आणि ज्याच्यासाठी सुंता करतात ती आवळलेली कातडीही. आधी एकदा असाच एक कागद पुण्याहून परत आला होता. सुंता पॉलिसीत बसत नाही, असा शेरा मारून.

'तू जा बिनघोर,' मामा म्हणाले. 'मी बगतो.'

मामांनी काय बघितलं ते असं. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं की अमुक जागची चिकटलेली कातडी सोडवली. मामांनी अमुक जागची हे शब्द गाळले. राहिलं काय, तर चिकटलेलं सोडवलं. आणि चिकटलेलं असं पुस्तकात शोधल्यावर जो पहिला सभ्य नंबर सापडला तो टाकला, के सहासष्ट. तो नंबर पोटातली आतडी एकमेकांना चिकटतात त्याचा. सह्यांच्या गठ्ठ्यात डॉक्टरांनी तो कागद रोजच्यासारखा न वाचता सही करून दिला. मामांना यात खोटं काही वाटलंच नाही. मला नंतर म्हणाले, 'चिकटल्यालं तर व्हतंच ना मॅडम. सोडवलं बी. नुसता पत्ता बदलला.'

पोटाच्या ऑपरेशनला एक दिवसात घरी कसं सोडलं, असं पुण्याला कुणालातरी वाटलं. वाटणारच. टीपीएचा एक तरुण डॉक्टर मोटरसायकलवरून चौकशीला थेट कासुर्डीत गेला. संपत शिफ्टला गेलेला. पाहुणा कोण आला म्हणून आळी गोळा झाली. त्याने गणेशला बोलावून सदरा वर करायला सांगितला. पोराचं पोट गुळगुळीत, नुसती बेंबी. टाका नाही, व्रण नाही.

'ऑपरेशन कुठं झालंय?' त्याने सुमनला विचारलं.

'पोटाचं न्हाई वो. तिकडचं,' सुमन म्हणाली.

'तिकडचं म्हणजे कुठलं?'

परक्या पुरुषापुढे, सासऱ्यासमोर, अख्ख्या आळीसमोर त्या बाईने काय सांगावं? मला आजही त्या माणसाचा राग येतो. डॉक्टर होता ना तो? पण त्याच्या कागदावर पोट होतं आणि तो पोटच बघत होता. ऑपरेशन झालेलंच नाही, क्लेम खोटा, असं लिहून तो निघून गेला.

कंपनीने संपतच्या हातात मेमो ठेवला. फसवणूक केल्याबद्दल प्रोबेशन का संपवू नये, खुलासा करा. तो मेमो घेऊन संपत काउंटरवर आला तेव्हा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता कागद जाळीतून आत सरकवला आणि विचारलं, 'मामा, के सहासष्ट म्हंजी काय वो?'

मामांनी कागद वाचला. पहिल्यांदाच असं झालं की ते बोलत होते आणि मला भिंतीपलीकडून ऐकू येत नव्हतं.

डॉक्टर भयंकर चिडले. दवाखान्याचं नाव खराब होणार म्हणून चिडले, न वाचता सही केली होती म्हणून जास्त चिडले. पण शेवटी त्यांनी लिहून दिलं, क्लार्कच्या चुकीने नंबर बदलला, खरा नंबर एन सत्तेचाळीस, एवढंच. ते पत्र आणि माझे लघवीचे सगळे रिपोर्ट घेऊन मामा कुरकुंभला निघाले. मीही गेले. पू कुठल्या जागचा होता हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना एकटं पाठवायला माझं मन होईना.

ऑफिसात साहेब तरुण होता, पुण्याचा, बोलायला चांगला. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला. केबिनचं दार उघडंच होतं. बाहेर सेकंड शिफ्टची माणसं कार्ड पंच करायला रांगेत उभी होती आणि संपत दाराशी अंग चोरून.

'पहिल्या कागदावर पोट आहे,' साहेब म्हणाला. 'आता तुम्ही म्हणताय पोट नाही. मग काय होतं?'

'एन सत्तेचाळीस,' मामा म्हणाले.

'कोड नका सांगू हो काका. मला रिपोर्टमध्ये शब्दात लिहायचंय.'

मामांनी घसा खाकरला. 'इंद्रियाचं होतं साहेब,' ते म्हणाले. त्यांच्या पिढीला एवढाच एक शब्द चारचौघांत चालायचा.

'कुठलं इंद्रिय? डोळे? कान?'

साहेब थट्टा करत नव्हता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. इंग्रजी शाळेतला मुलगा, त्याला इंद्रियं म्हटल्यावर पाचच माहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा उभे राहिले आणि त्यांचा फलाटावरचा आवाज बाहेर पडला.

'पोराची मुतायची जागा हो साहेब! मुतायची जागा!'

बाहेरच्या रांगेत क्षणभर कार्ड पंच व्हायचं थांबलं. मग कुणीतरी फिसकन हसलं. संपत जमिनीकडे बघत होता. जे बोर्डावर यायला नको होतं ते मामांनी शिफ्टभर पुकारलं. आणि तरी मला वाटलं, बरं झालं, सुटलो एकदाचे.

'अच्छा, म्हणजे सरकमसिजन,' साहेब म्हणाला आणि लिहायला लागला.

'न्हाई न्हाई, सुंता न्हाई. सुंतेत कापत्यात. हितं कायबी कापलं न्हाई. चिकटल्यालं सोडवलं नुसतं.'

'पण नंबर?'

'नंबर एकच हाय.'

'दोन्हीला?'

'दोन्हीला.'

साहेबाने पेन खाली ठेवलं. 'मग काका, मी काय समजायचं?'

नंबर नसलेलं दुखणं देवानं केलं नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने खिशाचं पेन काढलं आणि पुन्हा अडकवलं. मी रिपोर्ट पुढे केले, तारखा दाखवल्या, पू दाखवला, पोरगं कसं रडायचं तेही सांगितलं. साहेबाने सगळं ऐकून घेतलं. 'मॅडम, मला पटतंय,' तो म्हणाला. 'पण टीपीएचा रिपोर्ट आधीच वर गेलाय. एकाच दवाखान्याचे दोन कागद, दोन वेगळ्या गोष्टी सांगणारे. माझ्या पटण्यावर तिथं काही चालत नाही.' मला त्याच्याशी भांडायचं होतं. पण भांडायला तो काही वाईट माणूस सापडेना.

मामा त्याला म्हणाले, 'साहेब, चूक माजी हाय. शिक्षा मला करा. पायजे तर पोलिसात द्या.'

'तुम्ही आमच्याकडे नोकरीला नाही ना काका,' साहेब म्हणाला.

संपतवरचा फसवणुकीचा ठपका गेला. तेवढं त्या साहेबाने खरंच केलं. पण प्रोबेशन संपलं तेव्हा कायमची ऑर्डर आली नाही. सेवेची आवश्यकता नाही, असं दोन ओळींचं पत्र आलं. क्लेमचा कागदही परत आला, सुंता वगळलेली आहे या शेऱ्यासह.

आबांची माफी मागायला कासुर्डीला जायचं मामांनी किती तरी दिवस टाळलं. शेवटी गेले, आणि धीर म्हणून मला घेऊन गेले. आबा मेंढरं कोंडायच्या वाघरीजवळ बसले होते, पागोटं, कांबळं आणि हातात काठी. मामा त्यांच्यापुढे उकिडवे बसले आणि भीत भीत म्हणाले, 'आबा, पोराची सुंता केलेली न्हाई बरं का. नुसतं...'

'आरं ठावं हाय की,' आबा म्हणाले. 'चिकटलं व्हतं. मेंढराला बी व्हतं आसं. नराला. आमी त्याल लावून सोडवतो. न्हाई सोडवलं तर सडतं.' मग मामांकडे नीट बघत त्यांनी विचारलं, 'त्यात लपवायसारकं काय व्हतं वो?'

पलीकडे गणेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता आणि दुसऱ्या एका पोराशी कुणाची धार लांब जाते याची पैज लावत होता. हसत होता. आमच्या सगळ्या दवाखान्याने मिळून एक काम चांगलं केलं होतं आणि ते समोर दिसत होतं. मामा त्याच्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

कँटीनमधल्या पोरांचं काय झालं, असं मी निघताना संपतला विचारलं. 'दोन दिस हसले आन् इसरले,' तो म्हणाला.

त्यानंतर मामा आमच्याकडे फार टिकले नाहीत. डॉक्टरांनी त्यांना काढलं नाही, हा डॉक्टरांचा चांगुलपणा. पण काउंटरवर कॉम्प्युटर आला, तो चालवायला एक मुलगी आली, आणि मामांना औषधांच्या स्टोअरमध्ये खुर्ची मिळाली. तिथे पुकारायला कुणी नव्हतं. एक दिवस डबा घेऊन आले, मला ठेचा दिला आणि शिरूरला मुलीकडे राहायला जातोय म्हणाले. जावयाची रांजणगावच्या एका ठेकेदाराशी ओळख होती. जावयाचा पिच्छा पुरवून मामांनी संपतला तिथल्या एका कारखान्यात ठेक्यावर लावून दिलं. संपतने बिऱ्हाड शिरूरला आणलं. ठेक्यावरची नोकरी म्हणजे आज आहे, उद्या नाही. मामांना ते माहीत होतं. फोनवर मला दर वेळी सांगायचे, 'मॅडम, तिथं बी कायम करत्यात हो. मागनं करत्यात.'

त्यांना शेवटचं पाहिलं ते शिरूरलाच. मी भाचीच्या साखरपुड्याला गेले होते, वैशाखातलं ऊन, डांबर पायाला चिकटत होतं. दुपारी परतीची एसटी शोधत स्टँडकडे आले तर रांजणगावच्या कंपनीच्या बसेस थांबतात तिथे मामा उभे. खूप वाळले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती, पण इस्त्री होती. मी हाक मारली. त्यांनी आधी ओळखलं नाही, मग एकदम ओळखलं आणि माझे दोन्ही हात धरले.

'बरं झालं आलात! मॅडम, संपत कायम झाला! ऑर्डर आली!' ते म्हणाले, आणि स्टँडवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच त्यांच्या पाया पडले. तेवढ्यात फर्स्ट शिफ्टची बस आली. माणसं उतरायला लागली. संपतही उतरला, थोडा जाड झालेला, कानाजवळ केस पांढरे. अंगात काळं जर्किन, चेन वरपर्यंत लावलेली. 'थांबा, पेढे आणतो,' म्हणून मामा घाईघाईने समोरच्या दुकानाकडे गेले.

'अभिनंदन, संपत,' मी म्हणाले.

त्याने दुकानाकडे एकदा बघून घेतलं आणि जर्किनची चेन थोडी खाली केली. आत निळा शर्ट होता. बसमधून उतरणाऱ्यांत काहींचे शर्ट राखाडी होते, काहींचे निळे. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

'निळा ठेकेदाराच्या मानसांना आसतो, ताई,' तो म्हणाला. 'राखाडी कायमवाल्यांना. मामा रोज हितं येऊन हुबं ऱ्हायचे. माज्याकडं न्हाई, शर्टाकडं बघायचे. त्यांची लेक म्हनायची, जेवत न्हाईत, झोपत न्हाईत. मग मीच सांगितलं, कायम झालो म्हनून. आता गाडीतनं उतरायच्या आदी ह्ये घालतो.'

'आणि गणेश?'

'ब्येस हाय. पळण्यात नंबर येतो त्याचा.'

मामा पुडा घेऊन रस्ता ओलांडून येत होते, हाताने गाड्यांना थांबवत. जवळ आल्यावर त्यांनी संपतकडे पाहून भुवया उंचावल्या. 'आरं, एवढ्या उन्हात जर्किन?'

'कायमवाल्यांना एशीत काम आसतं, मामा,' संपत म्हणाला. 'भायेर आलं की बाधतं.'

मामांनी समाधानाने मान हलवली आणि मला म्हणाले, 'बगा मॅडम. एशी.' संपतच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली, आणि मामांनी उघडलेल्या पुड्यातले पेढे आम्ही तिघांनी तिथेच उभं राहून खाल्ले.